शहागडला पोचलेलं मीटर

१२ जानेवारी २००६, गुरुवार. दुपारचं काम: लोखंडी कपाटातलं मीटर काढून तपासणं. उद्या सकाळी आठ वाजता गेवराईचा माणूस ते न्यायला येणार आहे. संक्रांतीचे सहा ब्लाउज शिवायचे राहिलेत, ते त्यानंतर.

मीटर म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगसमोर असतं ते. वेग, पेट्रोल, इंजिनाची उष्णता, गाडी एकूण किती किलोमीटर चालली, हे सगळं दाखवणारा डबा. बहुतेक गाड्यांत त्यात काटे असतात. हे काट्यांचं नाही, आकड्यांचं आहे. वीज दिली की काळ्या काचेत हिरवे आकडे उजळतात. अशा परदेशी गाड्या एकेकाळीही आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आता त्यांची मीटरं मुंबईच्या भंगार बाजारातसुद्धा सापडत नाहीत. हे माझ्याकडचं शेवटचं. माझं म्हणता येणार नाही, आमच्या घरमालकांचं. ते जाऊन पाच वर्षं होतील.

त्यांनी या मीटरबद्दल मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. "कुणाला गरज पडली तर देऊन टाका, पण तपासल्याबिगर देऊ नका," ही एक. "यात शिलाईचे किलोमीटर घालू नका," ही दुसरी. दोन्ही वाक्यं एका दमात बोलले होते. आज मीटर बाहेर काढलं तेव्हा लक्षात आलं की या दोन गोष्टी एकत्र करता येत नाहीत.

शिलाईचे किलोमीटर म्हणजे काय, ते आधी सांगावं लागेल.

१९९१ साली मी जालन्यात या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, घराची पुढची खोली भाड्यानं घेतली, राहायला आणि पिको-फॉल, ब्लाउजांच्या कामाला. माझं माहेर केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं घर. शिवायला तिथंच शिकले. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जालन्यात कचेरीत कारकून होते. खोली दाखवताना काकांनी भाड्याचं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न वेगळाच.

"मशीन हाताची का पायाची?"

"पायाची."

"एका लयीत चालवता का थांबत थांबत?"

मला वाटलं, आवाजाचा त्रास होईल म्हणून विचारताहेत. म्हटलं, "शिवण लांब असली की एका लयीत."

"मंग बराबर. या राहायला."

काका टेलिफोन खात्यातून वेळेआधी निवृत्त झालेले. उंच, मानेत जरा वाकलेले, कानावर पेन्सिल. जालन्याच्या उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण त्याला चार खिसे होते आणि चारही खिशांत काही ना काही असे. मनगटावर घड्याळ नाही. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मागच्या खोलीत ते मोटारींची जुनी मीटरं तपासत. आमच्याकडं लोखंडाच्या कारखान्यांना देशभरातून भंगार येतं. त्यात ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्या असतात. दर सोमवारी काका भंगारवाल्यांकडं जात आणि पोत्यात मीटरं भरून आणत. आकड्यांची मिळाली तर त्या दिवशी दोन वेळा चहा.

त्यांच्यासमोर "चालू आहे" हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा एक भंगारवाला दारात पोतं टेकवून म्हणाला, "काका, एकदम चालू माल आहे."

"चालू म्हंजे काय? कधी चालू? कुणी बघितला? सकाळच्या गारठ्यात चालू का भर उन्हात चालू?"

"अहो, दिवा लागतो ना त्याचा!"

"दिवा तर माझ्या संडासातबी लागतो. त्याला चाकं लावून चालवू का?"

भंगारवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुम्ही कशा राहता हो इथं?" मी मान खाली घालून टीप मारत राहिले. मला हसू आवरत नव्हतं, आणि ब्लाउज रेशमी होता.

काकांचं टेबल बघण्यासारखं होतं. एक मोटारीची बॅटरी. एका फळीवर रेडिओच्या आवाजाच्या बटणांसारखी तीन बटणं. एक पेट्रोलच्या टाकीच्या जागी, एक इंजिनाच्या उष्णतेच्या जागी, तिसरं कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. बटण फिरवलं की मीटरला वाटायचं टाकी रिकामी झाली. वर शंभराचा बल्ब टांगलेला, तो मीटर तापवायला. शेजारी फडकं गुंडाळलेलं लाटणं, ते खड्ड्यांसाठी. लाटण्यानं फळीवर ठोकायचं आणि आकडे थरथरतात का, विझतात का, ते बघायचं.

फक्त वेग कसा तपासायचा, हा प्रश्न होता. गाडीच्या चाकाकडून एक केबल मीटरच्या पाठीत येते. ती फिरली की वेग दिसतो, आणि किलोमीटर पुढं सरकतात. काकांनी ती ड्रिल मशीनला लावून पाहिली होती. पण आमच्याकडची वीज कधी चढायची, कधी उतरायची, आणि दुपारी जायचीच. मीटर बिघडलंय का वीज बिघडलीय, हेच कळत नसे.

मी राहायला गेल्यावर आठेक दिवसांनी काका हातात केबल घेऊन दारात उभे राहिले. "बाई, तासभर मशीन देता का? चालवायची तुम्हीच."

माझ्या मशीनच्या चाकाला त्यांनी रबरी नळीच्या तुकड्यानं केबल जोडली. बॉबीन भरताना करतो तशी सुई बंद केली. केबलीचं दुसरं टोक भिंतीतल्या खिडकीवाटे मागच्या खोलीत, मीटरमध्ये. मग तिकडून आवाज आला, "बाई, चालवा." मी पॅडल मारायला लागले.

"चाळीस... पन्नास... अठ्ठावन्न... साठ! बस, बस, अशीच ठेवा. वा! साठ म्हंजे साठ. काटा असता तर हललासुद्धा नसता."

शिवणकामानं माझी लय पक्की होती. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. काकांना मात्र खजिना सापडला.

त्यानंतर दहा वर्षं मी त्यांची मीटरं पळवली. त्यांचा नियम असा, की मीटर निदान बावन्न किलोमीटर चाललं पाहिजे. "गरम झाल्यावर खोट कळते, बाई. पहिल्या दहा किलोमीटरात सगळेच शहाणे." बावन्नच का? तर जालन्याहून शहागड बावन्न, असं त्यांचं गणित. साठच्या वेगानं बावन्न मिनिटं. तेवढं चाललं की ते म्हणायचे, "हे शहागडला पोचलेलं मीटर आहे," आणि तेच गिऱ्हाइकाला द्यायचं.

ही नुसती तपासणी नव्हती, प्रवास होता. काका मागच्या खोलीतून आकडा बघत आणि गावं सांगत. "अंबड आलं, बाई. चाळीसवर या. शाळा सुटायची वेळ झाली, लेकरं असतात रस्त्यात." मी पाय हळू करायची. "पुढं खड्डा आहे," म्हणत आणि लाटणं दाणकन फळीवर. वेळ विचारली तर सांगत, "अंबडच्या पुढं सहा." चहाची वेळही तशीच. "चहा वडीगोद्रीला." वडीगोद्री अडतिसाव्या किलोमीटरला यायची, तोवर मला घशाला कोरड पडलेली असायची. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मधी एखादं हॉटेल न्हाई का?"

"आहे. पण त्याचा चहा बिलकुल पाणी."

कधी ते ऐंशी मागायचे. ऐंशीला माझ्या पोटऱ्या भरून यायच्या. गल्लीतल्या बाया दारावरून जाताना विचारायच्या, "काय ओ, आज कुठवर?" मी सांगायची, "अंबड गेलं." हसत पुढं जायच्या. मी शहागडला किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. आणि खरं म्हणजे एकदाही गेले नव्हते. माझं माहेर भोकरदनकडं, शहागड त्याच्या बरोबर उलट दिशेला, गोदावरीकाठी. तिकडं जायचं काही कामच पडलं नाही.

आता अडचण अशी, की केबल फिरली की मीटरवरचे एकूण किलोमीटरही वाढतात. आकड्यांच्या मीटरमध्ये तो आकडा आत कोरल्यासारखा बसतो, बॅटरी काढली तरी जात नाही, मागं येत नाही. म्हणजे मी बसल्या जागी मारलेले बावन्न किलोमीटर कुणाच्या तरी गाडीच्या नावावर चढायचे. काकांना ते खपत नसे. प्रत्येक मीटरसोबत ते चिठ्ठी देत: "या आकड्यात शिलाईचे ५२ किलोमीटर आहेत. ते गाडीचे नाहीत." गिऱ्हाइकं चक्रावायची. एका डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून विचारलं होतं, "शिलाई गाव नेमकं कुठं आलं हो?"

काकांचा खरा राग एकाच गोष्टीवर होता, आकडा कमी करून मागणाऱ्यांवर. एक गाड्यांचा दलाल आला होता. पांढरे बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. काढलेलं मीटर टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, ब्याण्णव हजार दिसून राह्यलेत. चाळीस करा. जल्दी करा, गिऱ्हाईक थांबलंय."

काकांनी मीटर फळीवर बसवलं, केबल जोडली. "तपासल्याबिगर मी हात लावत न्हाई. बाई, साठ."

मी पॅडल मारायला लागले. दलाल खुर्चीत बसून किल्ल्या फिरवत होता. वीसेक मिनिटांनी त्याचं लक्ष आकड्याकडं गेलं. "अहो काका, हे तर वाढून राह्यलंय!"

"मंग? गाडी चालली की वाढणारच."

"गाडी बाहेर उभी आहे माझी!"

"आता अंबड येईल. बसा, पाणी घ्या."

दलाल धावत माझ्या खोलीत आला. "ओ ताई, थांबवा ओ! पाया पडतो तुमच्या!"

मी काकांकडं पाहिलं. ते खिडकीतून बघत होते. मी दलालाला म्हटलं, "शहागडच्या आधी थांबता येत न्हाई. नियम आहे." आणि पाय चालूच ठेवला.

काका इतके हसले की कानावरची पेन्सिल पडली. एकतिसाव्या किलोमीटरला दलालानं स्वतःच केबल उपसली आणि मीटर काखेत मारून निघाला. काका मागून ओरडले, "माझ्याकडं मीटर एकाच दिशेला जातं!" मग घाईनं चिठ्ठी लिहिली, "शिलाईचे ३१," आणि चपला न घालता पळत जाऊन ती त्याच्या गाडीच्या खिडकीतून आत टाकली.

त्या दिवसापासून मी नुसती पॅडल मारणारी राहिले नाही. काकांचे हात कापायला लागले होते आणि माझ्या बोटांना बारीक कामाची सवय होती. सुटलेल्या जोडाला कथलाचा डाग देणं, तुटलेली तार शोधणं, काच काढून आतला कागदासारखा पातळ पट्टा न फाडता उचलणं, हे मी त्यांच्याकडून शिकले. कौतुक करायची त्यांची पद्धत म्हणजे काही न बोलणं. चुकलं तर मात्र लगेच, "बाई, हा काय साडीचा फॉल आहे का?"

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. चव्वेचाळीस किलोमीटर झाले की काका गप्प व्हायचे. तोवर गावं, खड्डे, चहा, सगळं चालू. चव्वेचाळीसनंतर शब्द नाही. लाटणंही नाही. शेवटचे आठ किलोमीटर मला फक्त माझ्या मशीनचा आवाज ऐकू यायचा. बावन्न झाले की तिकडून हळूच, "पोचलो." मला वाटायचं, गरम झालेल्या मीटरचा आवाज ऐकत असतील. टेलिफोनमधला माणूस, ऐकायची सवय.

तिसऱ्या की चौथ्या संक्रांतीला मी तिळाचे लाडू घेऊन मागच्या खोलीत गेले. काका टेबलाशी बसले होते. समोर हेच मीटर, खाली त्याला गुंडाळायचा हिरव्या खणाचा तुकडा. आकडे लागलेले होते. एकूण किलोमीटर: ६१३०८. मी म्हटलं, "हे कुठलं? नेऊ का शहागडला?"

"न्हाई. हे आपलं आहे. याला वर्षातून एकदा पाच मिनिटं लावतो, बस."

त्यांनी एक लाडू घेतला. मग स्वतःहून बोलायला लागले. असं ते आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

"बायकोला शहागडला जायचं होतं. तिची बालमैत्रीण दिलेली तिथं. बरीच वर्षं म्हणून राह्यली होती. संक्रांतीचं वाण अन् लाडवाचा डबा घेऊन निघालतो आम्ही. गाडी मी भंगारातून उठवलती, सहा महिने खपून. अन् हे मीटर! मला लई गुमान होता याचा. पेट्रोलच्या सहाच्या सहा दांड्या पेटलेल्या. अंबड गेल्यावर ती म्हणली, 'अहो, परवापासून भरलं न्हाई तुम्ही. पंपावर घ्या ना जरा.' मी म्हणलो, 'मीटर सांगून राह्यलं ना, टाकी भरलेली आहे म्हणून. तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का?' मंग ती गप बसली. अंकुशनगरच्या जवळ गाडी बंद पडली. टाकीत थेंब न्हाई. बाजूला दगड होता, शहागड आठ."

"मग?"

"मंग काय. कारखान्याला उसाचे ट्रॅक्टर चाललते. एकाकडं डबा दिला, येताना पेट्रोल आण म्हणून. चार तास लागले त्याला. ती बाभळीखाली बसली अन् बोलाया लागली. एकतीस वर्षांच्या संसारात इतकी बोलली न्हाई कधी. लहानपणचं, विहिरीत पडल्ती त्याचं, त्या मैत्रिणीचं, माझं. हसतबी होती. डब्यातले लाडू दोघांनीच संपवले."

"चांगलं झालं की मग."

"मी काय करत होतो? मी मीटर खोलून बसलो होतो, बाई. मला राग आल्ता त्याचा. खोटं बोललं म्हंजे काय! पान्हा-पेचकस घेऊन त्याच्यात डोकं घालून बसलो. ती बोलून राह्यली अन् मी 'हं, हं' करून राह्यलो. अर्धं ऐकलं मी. अर्धं मीटरात गेलं."

पेट्रोल आलं तोवर ऊन उतरलं होतं. ती म्हणाली, आता कुठं जाता, चला घरी, पुढच्या संक्रांतीला येऊ. उघडलेलं मीटर तिथं परत बसेना. ते तिनं मांडीवर घेतलं, आणि डॅशबोर्डात भोक तसंच ठेवून दोघं जालन्याला आली. त्याच भाद्रपदात ती काविळीनं गेली. गाडी काकांनी भंगारवाल्याला परत दिली. मीटर दुरुस्त केलं. एक डाग सुटला होता, एवढंच. पण ते पुन्हा कुठं बसवलं नाही. आकडा त्या दगडापाशी थांबला तो तसाच.

मी विचारलं, "नंतर तुम्ही कधी शहागडला गेलाच नाहीत?"

"कशाला? अन् कुणासंग?" त्यांनी मीटर बंद केलं आणि खणात गुंडाळलं. "रोज तर जातो की आपण."

२००१ मध्ये काका दवाखान्यात होते. पंधरा दिवस. औषधांची ट्रॉली जाताना म्हणायचे, "डाव्या चाकात तेल न्हाई." तिथंच त्यांनी मला कपाटाची किल्ली आणि त्या दोन सूचना दिल्या. घर आता त्यांच्या पुतण्याचं आहे. तो पुण्याला असतो, मागची खोली त्यानं माझ्याकडंच ठेवली. मी ब्लाउज शिवते, आणि कुणी मीटर घेऊन आलं तर तपासते. पाय मीच मारते, आकडा बघायला खिडकीत आरसा टांगलाय. गावं आता कुणी सांगत नाही. मी मनातल्या मनात म्हणते, पण त्यानं अंबडला वेग कमी होत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. कुणीतरी सांगावं लागतं.

गेवराईचा माणूस मागच्या आठवड्यात आला. तिशीतला असेल. वडिलांची गाडी सात वर्षं गोठ्यात उभी होती, ती त्यानं चालू केली. मीटर मात्र गेलेलं. आठाच्या जागी सहा दिसतो, पेट्रोल दिसतच नाही. सगळीकडं फिरून कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून आला. मीटरची पाठ बघितली आणि मला कळलं, कपाटातलंच लागणार.

तर आज दुपारी ते खणातून काढलं. बॅटरी जोडली. मला खरं म्हणजे भीती होती की उजळायचंच नाही. उजळलं. जरा मंद, पण सगळं. ६१३०८. पेट्रोलचं बटण फिरवलं, दांड्या एकेक करून विझल्या, परत पेटल्या. उष्णता बरोबर. शंभराच्या बल्बाखाली तासभर ठेवलं. लाटण्यानं ठोकलं. काही नाही, ठणठणीत. राहिला तो वेग. केबल जोडली, मशीनवर बसले, पॅडलवर पाय ठेवला. आणि तसाच ठेवून बसले.

आमचे मालक बाजेवर पेपर वाचत होते. "काय झालं?"

मी सांगितलं.

"अगं, आकडाच आहे तो. ने शहागडला अन् मोकळी हो."

"घालू नका म्हणून सांगितलंय त्यांनी."

"मंग तपासू नको. तसंच दे."

"तेबी चालत न्हाई."

"मंग त्यांनीच येऊन तपासावं," म्हणाले आणि पेपर तोंडावर घेऊन झोपले.

मला त्यांचा राग आला नाही, कारण मीही तेच म्हणत होते. काकांनी यावं. मागच्या खोलीत बसावं आणि एकदा म्हणावं, "बाई, साठ." बाकी मला काही नको होतं. पण ते होणार नव्हतं, आणि माणूस आठला येणार होता.

काका वेंधळे नव्हते. एका दमात दोन उलट गोष्टी सांगणारा माणूस नव्हता तो. मशीनवर न्यायचं नाही आणि तपासल्याशिवाय द्यायचं नाही, तर मग मीटर कशानं न्यायचं? गाडीनंच. आणि गेवराईला जाणारा रस्ता शहागडवरूनच जातो, हे मला कुणी सांगायला नको होतं. बावन्न मिनिटं रोज त्याच रस्त्यावर होते मी.

मी पॅडलवरून पाय काढला, पेचकस आणि पान्हा पिशवीत टाकला आणि दोन ब्लाउज कापून ठेवले.

१३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी आठला गेवराईचा माणूस आला. मी त्याचं बिघडलेलं मीटर काढलं आणि काकांचं खणात गुंडाळून त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मीटर मांडीवर.

"ताई, इथंच बसवा की."

"वाटेत बसवते. शहागडच्या अलीकडं आठ किलोमीटरवर. तिथून पुढं बघू. चाललं तर तुमचं. न्हाई चाललं तर मी परत घेऊन येईन."

"तिथंच का पण?"

"तिथं थांबल्तं ते."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गाडी चालू केली. डॅशबोर्डात भोक होतं, त्यातून तारा लोंबत होत्या. अंबडला मी म्हटलं, "हळू घ्या, शाळा असेल." खरंच होती. वडीगोद्रीला आम्ही चहा घेतला. बिलकुल पाणी. अंकुशनगरच्या जवळ उसाचे ट्रॅक्टर लागले. दगड पाचटात अर्धा बुडालेला होता, कुणीतरी नव्यानं रंगवलेला. बाभूळ मला दिसली नाही. तीन जोडण्या, चार स्क्रू, वीस मिनिटांचं काम. किल्ली फिरवली. ६१३०८.

"चला," मी म्हटलं. "साठनं."

वेग बरोबर दिसत होता. शेवटचा आठ मात्र हलत नव्हता. तो गाडी चालवत त्याच्या वडिलांबद्दल बोलायला लागला. ही गाडी त्यांनी कशी आणली, शेवटी कुणाला हात लावू देत नव्हते, गोठ्यात जाऊन नुसतेच स्टिअरिंग धरून बसायचे. आठाचा नऊ झाला. तो बोलत होता. मी परत मीटरकडं बघितलं नाही, त्याच्याकडं बघत राहिले. सगळं ऐकलं.

शहागडच्या पुलाच्या अलीकडं उतरले. थोडं पुढं चालत जाऊन गोदावरी बघितली. पात्र मोठं, पाणी बेताचं, कडेला कुणीतरी सतरंज्या धूत होतं. परत येऊन आकडा बघितला. ६१३१६. पिशवीतून चिठ्ठीचा कागद काढला आणि गाडीच्या टपावर ठेवून लिहिलं: "हे मीटर शहागडला पोचलं आहे. यात शिलाईचे किलोमीटर नाहीत."

त्यानं वाचलं. "शिलाईचे म्हणजे?"

"सांगेन कधीतरी. गाडीत ठेवा, हरवू नका."

तो पूल ओलांडून गेला. मला साडेदहाची एस.टी. मिळाली. बाराच्या सुमारास दुकान उघडलं, मशीनच्या चाकाची केबल सोडवली, सुईत काळा दोरा ओवला आणि पहिला ब्लाउज घेतला.